शनिवारी सर्व्हर अडकतो, सोमवारी बरा असतो: नेटवर्क कार्डाची सेटिंग टिकवण्याबद्दल

तक्रारीचा साचा ठरलेला असतो. कोणी मोठी फाइल उघडली किंवा बॅकअप सुरू झाला की लिनक्स सर्व्हरवरचं शेअर्ड फोल्डर काही सेकंद गोठतं, टॅली गोल फिरत राहतं, मग कधी आपोआप सुटतं, कधी 'नेटवर्क पाथ सापडत नाही' म्हणून बाहेर फेकतं. तुम्ही लॉग-इन करून बघता तेव्हा सगळं ठणठणीत: पिंग जातोय, डिस्कवर भरपूर जागा आहे, प्रोसेसर निवांत आहे. कोणीतरी एक कमांड मारतं, त्रास थांबतो, सगळे विसरतात. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

त्या आठवड्याच्या हिशेबातच पुरावा आहे. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या ज्या पॅकेजिंग कारखान्यात मी हे निस्तरलं, तिथे शुक्रवारी सुट्टी असते. देखभालीसाठी वीज घालवायची तर त्याच दिवशी. यूपीएस ओढेल तितका वेळ ओढतो, मग सर्व्हरला नीट बंद व्हायला सांगतो. वीज आली की बायॉसमधल्या सेटिंगमुळे सर्व्हर आपणहून उठतो. म्हणजे शनिवारी माणसं कामावर येतात ती नुकत्या बूट झालेल्या सर्व्हरवर, आणि आधीच्या शनिवारी मारलेली कमांड फक्त चालू कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) मेमरीत होती, ती शुक्रवारीच पुसली गेली. अकाउंट्सच्या मॅडमनी स्वतःपुरता तोडगा काढला होता: शनिवारी लागणारी बिलं गुरुवारी संध्याकाळीच छापून ठेवायची. त्यांच्या लेखी शनिवार हाच व्हायरस होता. टॅलीचा यात काही दोष नाही, आणि विंडोजचाही नाही.

तेव्हा प्रश्न दोन आहेत. कार्ड अडकतं का, हा एक. आणि दुरुस्त केलेली सेटिंग परत का जाते, हा दुसरा. लोक पहिल्यावर रात्री जागवतात. दुसरा तितकाच खोल आहे, आणि सारखा परत येणारा त्रास त्याच्यामुळेच सारखा परत येतो. मी दोन्ही सांगतो, पण मुक्काम दुसऱ्यावर जास्त असेल.

कमांड मी फोनवर ऑफिसातल्या मुलाला सांगतो तशा लिहिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं आणि डॅश. उदाहरणात पोर्टचं नाव ईएनओ१ धरलंय. तुमचं 'आयपी लिंक' मारून बघून घ्या.

आधी लॉग वाचा

सेटिंगला हात लावण्याआधी कर्नल काय म्हणतोय ते बघायचं. 'डीमेसेज' ला डॅश मोठा टी दिला की वेळ माणसाला कळेल अशी दिसते. मागच्या बूटचा लॉग हवा असेल तर 'जर्नलसीटीएल', डॅश के, डॅश बी, आणि उणे एक. मग 'लास्ट रीबूट' मारून त्या तारखा तक्रारीच्या तारखांशेजारी ठेवा. वागळेतल्या त्या सर्व्हरवर एवढं केलं आणि शुक्रवारची माळ समोर आली.

लॉगमध्ये काय सापडतं त्यावरून पुढचा रस्ता ठरतो.

'डिटेक्टेड हार्डवेअर युनिट हँग' आणि पाठोपाठ 'रीसेट ॲडॉप्टर अनएक्सपेक्टेडली' असं दिसलं तर पाठवण्याच्या बाजूला कार्ड अडकतंय. ई१०००ई हा इंटेलच्या कार्डांचा ड्रायव्हर वापरणाऱ्या, मदरबोर्डवरच्या गिगाबिट पोर्टांवर हा मेसेज बऱ्याच जणांनी पाहिला आहे. त्या मेसेजखाली आकड्यांचा एक गठ्ठा येतो, तो लोक सोडून देतात. सोडू नका. त्यात टीडीएच आणि टीडीटी अशी दोन नावं असतात. पाठवायची पाकिटं ड्रायव्हर एका गोल रांगेत लावतो. रांगेचं शेपूट, म्हणजे टीडीटी, ड्रायव्हर पुढे सरकवतो, आणि डोकं, म्हणजे टीडीएच, कार्ड स्वतः सरकवतं. लागोपाठच्या दोन-तीन मेसेजमध्ये टीडीएच तिथेच खिळलेलं आणि टीडीटी पुढे गेलेलं दिसलं, तर ड्रायव्हर माल देतोय आणि कार्ड उचलत नाहीये. शेवटी ड्रायव्हर कंटाळून कार्ड रीसेट करतो, लिंक पडते, काही सेकंदांनी पुन्हा वर येते. मधल्या वेळात ज्यांच्या फाइल उघड्या होत्या त्यांचं काय होतं ते अकाउंट्सला विचारा.

हँगचा मेसेज नाही, पण 'लिंक इज डाउन', 'लिंक इज अप' असं चाललंय, तर आधी केबल, जॅक आणि स्विच. 'इथटूल' (कार्डाची सेटिंग बघायची-बदलायची कमांड), डॅश मोठा एस, ईएनओ१ असं मारा आणि त्यात आरएक्स सीआरसी एरर्स, म्हणजे येताना खराब झालेली पाकिटं, बघा. पाच मिनिटांनी पुन्हा बघा. आकडा वाढत असेल तर ड्रायव्हरचा नाद सोडा आणि केबल बदला. पावसाळ्यात महापे, रबाळे, तुर्भे पट्ट्यात, खाडीच्या दमट हवेत भिंतीवरच्या जॅकच्या पिना काळवंडलेल्या मी पाहिल्या आहेत; क्रिंपिंग वरून सुंदर दिसतं, आत गंज. आणि स्वस्तात घेतलेली केबल तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची निघाली तर तिच्यावर वेळ घालवू नका.

वेग एक जीबीपीएसऐवजी १०० एमबीपीएसवर आला असेल तर बहुधा चारपैकी एक जोडी तुटली आहे. १०० ला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. इथे काही जण हुशारी करून वेग हाताने बांधतात: १०००, फुल ड्युप्लेक्स (दोन्ही दिशांना एकाच वेळी), ऑटो बंद. तांब्याच्या केबलवरच्या गिगाबिटला ऑटो-निगोशिएशन (दोन्ही टोकांनी वेग आपसात ठरवणं) लागतंच, ते मानकातच आहे. आणि १०० वर एका टोकाला बांधलं, दुसऱ्या टोकाला ऑटो राहिलं, तर ऑटो असलेलं टोक हाफ ड्युप्लेक्स धरून बसतं. मग पिंग सुरेख, फाइल कॉपी रडत. दोन्हीकडे ऑटो ठेवा आणि विषय संपवा.

आरएक्स मिस्ड एरर्स वाढत असतील तर येणारी पाकिटं ठेवायला जागा कमी पडतेय. 'इथटूल' डॅश छोटा जी ने रिंगचा, म्हणजे पाकिटांच्या गोल रांगेचा, आकार कळतो. ई१०००ई मध्ये तो सुरुवातीला २५६ असतो आणि ४०९६ पर्यंत वाढवता येतो. डॅश मोठा जी, आरएक्स, १०२४ असं करून बघा. एकदम ४०९६ करायची घाई नको. रिंग बदलताना पोर्ट क्षणभर खाली जातो, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत करा.

शनिवारचाच एक दुसरा त्रास याच्याशी गल्लत करायला लावतो, तो इथेच वेगळा काढतो. वीज येताच स्विच आणि सर्व्हर एकत्र उठतात. स्विचवर स्पॅनिंग ट्री (जोडण्यांचं वर्तुळ होऊ न देणारी सोय) त्याच्या जुन्या, मूळ रूपात चालू असेल तर पोर्ट १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ सेकंद शिकण्यात घालवतो. तेवढ्यात सर्व्हरने डीएचसीपीला (आयपी पत्ता वाटणाऱ्या सेवेला) हाक मारली आणि उत्तर आलं नाही, तर तो पत्त्याशिवाय बसतो. पण हा त्रास बूटच्या पहिल्याच मिनिटात होतो, अकरा वाजता डिझायनरने आर्टवर्क उघडल्यावर नाही. उपायही वेगळा: सर्व्हरच्या पोर्टवर स्विचमध्ये पोर्टफास्ट किंवा एज पोर्ट (ही वाट बघणं टाळणारी सेटिंग), आणि सर्व्हरला स्थिर आयपी.

हँग असेल तर काय बंद करायचं

संशयित टीएसओ, म्हणजे टीसीपी सेगमेंटेशन ऑफलोड. हे चालू असताना प्रोसेसर टीसीपीचा ६४ केबीपर्यंतचा गठ्ठा एकदम कार्डाकडे सरकवतो आणि त्याचे १४६० बाइटचे साधारण ४५ तुकडे करायचं काम कार्डावर सोडतो. घाऊक माल दुकानात टाकायचा आणि सुटं पॅकिंग दुकानदाराने करायचं, तसं. प्रोसेसर वाचतो हे खरं, पण ई१०००ई वर हँग होतो तो बहुतेकदा या कामाच्या वेळी, तोही सर्व्हर बाहेर भरपूर माल पाठवत असताना. म्हणून फाइल सर्व्हरवर ठेवताना काही होत नाही, सर्व्हरवरून उघडताना होतं. आर्टवर्कच्या शेकडो एमबीच्या फाइल, दुसऱ्या मशिनवर जाणारा बॅकअप, यांच्याच वेळी त्रास का होतो ते यातून उलगडतं.

बघायला 'इथटूल' डॅश छोटा के ईएनओ१. त्यात टीसीपी सेगमेंटेशन ऑफलोड समोर 'ऑन' असेल तर डॅश मोठा के, ईएनओ१, टीएसओ, ऑफ. ज्या ओळीपुढे 'फिक्स्ड' लिहिलंय ती बदलत नाही, तिच्याशी कुस्ती नको.

इथटूलची रीत लक्षात ठेवायला सोपी आहे: छोट्या अक्षराने बघायचं, मोठ्या अक्षराने बदलायचं. के, जी, सी, ए, एल, सगळ्यांना लागू. फक्त एस मात्र उलटा: मोठा एस नुसते आकडे दाखवतो आणि छोटा एस वेग-ड्युप्लेक्स बदलतो. फोनवर कोणाला सांगत असाल तर 'मोठा एस' हे दोनदा म्हणा.

इंटरनेटवर मिळणारे उतारे टीएसओ, जीएसओ, जीआरओ, चेकसम सगळंच एका दमात बंद करायला सांगतात. मला ते पटत नाही. सगळं बंद केल्यावर त्रास थांबतो, पण कशामुळे थांबला ते कळत नाही आणि मग ती लांबलचक ओळ मंत्रासारखी प्रत्येक सर्व्हरवर चिकटवली जाते. आधी फक्त टीएसओ. हँग परत आला तर जीएसओ. जीएसओ म्हणजे असेच तुकडे करणं, पण ते कर्नलमध्येच, सॉफ्टवेअरने होतं, त्यामुळे बहुधा तिथवर जावं लागत नाही. जीआरओ येणारी पाकिटं एकत्र जोडण्याचं, त्याचा या हँगशी संबंध शेवटी तपासा. पाठवण्याच्या बाजूचा चेकसम (पाकीट शाबूत आहे का ते तपासायचा आकडा कार्डाने काढणं) बंद केला तर त्याच्यावर अवलंबून असलेला टीएसओही बंद होतो, तेव्हा दोन गोष्टी एकत्र बदलल्या हे ध्यानात ठेवा.

'वेग कमी होईल ना?' असं मालक विचारतात. एक जीबीपीएसवर १५०० बाइटच्या एमटीयूने (पाकिटाच्या कमाल आकाराने) सेकंदाला ८१,००० च्या आसपास पूर्ण आकाराची पाकिटं जातात. आजच्या साध्या सर्व्हर प्रोसेसरला ते तुकडे स्वतः करणं जड नाही. दहा जीबीपीएसच्या कार्डावर मात्र हा उपाय असा डोळे झाकून करू नका, तिथे टीएसओची किंमत खरीच मोठी आहे.

ताण देऊन खात्री करायची तर आयपर्फ३ (नेटवर्कचा वेग मोजणारं साधन) पुरे. यात एक फसगत आहे. सर्व्हरवर आयपर्फ ऐकायला बसवलं आणि पीसीवरून नुसतं चालवलं तर माल पीसीकडून सर्व्हरकडे जातो, म्हणजे नेमकी ज्या बाजूला काही बिघडत नाही ती तपासली जाते. पीसीवर डॅश मोठा आर जोडा, म्हणजे दिशा उलटते. ९४० एमबीपीएसच्या आसपास आकडा मिळाला तर गिगाबिटकडून त्याहून जास्त मागू नये. अर्धा तास चालू द्या आणि दुसऱ्या खिडकीत कर्नलचा लॉग उघडा ठेवा.

टीएसओ बंद करूनही हँग येत असेल तर वीज वाचवण्याच्या सोयींकडे वळायचं. ईईई म्हणजे रिकाम्या वेळी लिंकची वीज वाचवणं, ते आयट्रिपलई च्या २०१० च्या ८०२.३ एझेड मानकातून आलं. काही कार्ड आणि काही स्विच यांचं त्यावर जमत नाही. 'इथटूल' ला सेट-ईईई, ईएनओ१, ईईई, ऑफ. दुसरं एएसपीएम, ते पीसीआय एक्सप्रेस लिंकला झोपवतं. ते बायॉसमधून बंद करा, नसेल तर कर्नलला बूटच्या वेळी पीसीआयई अंडरस्कोर एएसपीएम बरोबर ऑफ असं देऊन बघा, पण बायॉसने ते आधीच चालू करून ठेवलं असेल तर ते तसंच राहू शकतं. ऑफिसातल्या एका सर्व्हरवर याने वाढणाऱ्या वीजबिलाची काळजी कोणी करू नये. आणि बायॉस अपडेट राहिला असेल तर तो आधीच करून घ्या, हे सांगायला नको.

आता टिकवायचं कसं

इथटूलने केलेलं काहीही डिस्कवर लिहिलं जात नाही. रीबूट झाला, ड्रायव्हर काढून परत घातला, की मूळपदावर. तेव्हा हे कायमचं लिहायचं कुठे, याचं उत्तर पोर्टचा मालक कोण यावर आहे. एका सर्व्हरवर नेटवर्क चालवणारे तीन वेगळे प्रकार असू शकतात, आणि चुकीच्या मालकाच्या फाइलमध्ये लिहिलेली ओळ कोणी वाचतच नाही. चुकलं असं कोणी सांगतही नाही, हा खरा छळ.

डेबियनमध्ये जुन्या पद्धतीची इंटरफेसेस फाइल चालू असेल तर त्या पोर्टच्या परिच्छेदाखाली पोस्ट-अप आणि पुढे इथटूलची पूर्ण पाथसकट कमांड. रेड हॅट घराण्यात नेटवर्क मॅनेजर असतो. तिथे 'एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय', कनेक्शनचं नाव, मग इथटूल डॉट फीचर-टीएसओ, ऑफ. रिंगसाठी इथटूल डॉट रिंग-आरएक्स. नंतर कनेक्शन एकदा खाली-वर करा. माझ्या मते टिकवण्याची सगळ्यात स्वच्छ जागा हीच, कारण पुढचा माणूस कनेक्शन बघतो तेव्हा त्याला ती तिथेच दिसते.

सिस्टमडी नेटवर्कडी असेल तर डॉट लिंक फाइल लिहितात, त्यात टीसीपी सेगमेंटेशन ऑफलोड बरोबर फॉल्स. इथे एक खड्डा आहे. पोर्टला जुळणारी पहिली डॉट लिंक फाइल लागू होते आणि बाकीच्या सगळ्या दुर्लक्षित राहतात. पोर्टांना ईएनओ१ सारखी नावं देण्याचं धोरण ९९-डीफॉल्ट डॉट लिंक या फाइलमध्ये असतं. तुम्ही १०-काहीतरी नावाची फाइल केली, त्यात नेम पॉलिसीची ओळ नाही, तर रीबूटनंतर पोर्ट ईटीएच० या नावाने उठतो, आणि आयपी तर ईएनओ१ ला दिलेला. सर्व्हर चालू, नेटवर्क शून्य. तेव्हा ९९ ची फाइल कॉपी करून तीत आपली ओळ घाला, मॅच मॅक पत्त्यावर ठेवा. आणि हे इनिट-रॅम-एफएसमध्येही (बूटच्या सुरुवातीला चढणाऱ्या फाइलींच्या छोट्या गठ्ठ्यात) जातं, म्हणून डेबियन-उबुंटूवर 'अपडेट-इनिटरॅमएफएस' डॅश यू, रेड हॅटवर 'ड्रॅकट' डॅश एफ. मॉड्यूलचे ऑप्शन मॉडप्रोब डॉट डी मध्ये लिहिले तरी हाच नियम.

बूटच्या वेळी कमांड चालवणारं आरसी डॉट लोकल किंवा क्रॉनमधलं ॲट-रीबूट? चालतं. पण दोन वर्षांनी येणाऱ्या माणसाला ते सापडत नाही, आणि ड्रायव्हर मध्येच रीलोड झाला तर ते पुन्हा चालत नाही.

पोस्ट-अप टाकलं, रीबूट केला, तपासलं, टीएसओ बंद. तरी शनिवारी पुन्हा चालू! वागळेतली खरी गाठ ही होती, आणि ती सोडवायला ड्रायव्हरचा कोडच बघावा लागला. ई१०००ई च्या काही जुन्या आवृत्त्यांमध्ये लिंक १० किंवा १०० वर आली तर ड्रायव्हर टीएसओ स्वतः बंद करतो, आणि १००० वर आली तर स्वतःच चालू करतो. तुम्ही आधी काय सांगितलं होतं याची त्याला पर्वा नसते. आता त्या कारखान्यात सर्व्हर यूपीएसवर, पण स्विच बिचारा साध्या बोर्डवर. कामाच्या दिवशी वीज नुसती लपकली तरी सर्व्हर चालूच राहायचा, स्विच मात्र बंद होऊन उठायचा, लिंक नव्याने १००० वर यायची आणि टीएसओ परत चालू. शुक्रवारी तर पोस्ट-अप आधी, लिंक नंतर. म्हणजे सेटिंग लागू व्हायची आणि काही सेकंदांत ड्रायव्हर ती पुसायचा. लॉगमध्ये '१०/१०० स्पीड: डिसेबलिंग टीएसओ' अशी ओळ कधी दिसली तर हा कोड तुमच्याकडेही आहे असं समजा.

हे ओळखायची परीक्षा अगदी साधी. टीएसओ बंद करा, केबल काढा, दहा सेकंद थांबा, परत लावा, लिंक वर येऊ द्या, आणि डॅश छोटा के ने पुन्हा बघा. 'ऑन' दिसलं तर बूटच्या वेळी चालणारा कुठलाही उपाय पुरणार नाही. मग दोन वाटा. कर्नल नव्यावर न्या; नंतरच्या आवृत्त्यांत हा भाग बदलला आहे. ते जमत नसेल तर लिंक वर आल्यावर चालणारी स्क्रिप्ट: नेटवर्क मॅनेजर असेल तर डिस्पॅचर फोल्डरमध्ये, नेटवर्कडी असेल तर नेटवर्कडी-डिस्पॅचर हे पॅकेज घालून त्याच्या रूटेबल डॉट डी मध्ये. स्क्रिप्टमध्ये पोर्टचं नाव तपासा, नाहीतर ती लूपबॅकपासून सगळ्यांवर चालेल. डिस्पॅचर केबल काढल्या-लावल्यावर खरंच चालतो का, हेही त्याच परीक्षेने कळेल. आणि स्विच यूपीएसवर घ्या हो. स्विचची भूक असते किती! वागळेत स्विच यूपीएसवर गेल्यावर लिंक पडणंच कमी झालं, कर्नल नंतर सवडीने बदलला.

टिकलं असं मी तीन परीक्षांनंतरच म्हणतो: केबल काढून लावणं, साधा रीबूट, आणि पॉवर कॉर्ड काढून अर्धा-एक मिनिट थांबून थंड बूट. तिसरी वगळू नका. सर्व्हर बंद केला तरी कॉर्ड लावलेली असेपर्यंत वेक-ऑन-लॅनसाठी (नेटवर्कवरून सर्व्हर उठवण्यासाठी) कार्डाला थोडी वीज मिळत राहते, त्यामुळे साध्या रीबूटमध्ये कार्ड पूर्ण रीसेट होतंच असं नाही. शुक्रवार थंड बूटच आणतो.

प्रॉक्समॉक्स किंवा कुठलंही व्हर्च्युअल मशिनचं यंत्र असेल तर सेटिंग खऱ्या पोर्टवर करायची, व्हीएमबीआर० या ब्रिजवर नाही. बाँड (अनेक पोर्ट एकत्र जोडलेले) असेल तर त्यातल्या प्रत्येक पोर्टवर.

ड्रायव्हरच बदलला तर

कधी सेटिंग जागेवर असते आणि ड्रायव्हरच दुसरा चढलेला असतो. 'इथटूल' डॅश छोटा आय ने नाव बघा. बाहेरून आणून डीकेएमएसने (कर्नल बदलला की ड्रायव्हर नव्याने बांधणाऱ्या सोयीने) बसवलेला ड्रायव्हर (आर८१६९ च्या जागी आर८१६८ वापरणारे बरेच आहेत) कर्नल अपडेटनंतर नव्याने बांधला गेला नाही, हेडर नव्हते म्हणून किंवा सिक्युअर बूटने सही नसलेलं मॉड्यूल नाकारलं म्हणून, तर कर्नल आपला घरचा ड्रायव्हर लावून मोकळा होतो. 'डीकेएमएस स्टेटस' मारून खात्री करा. अलीकडच्या कर्नलमध्ये ड्रायव्हरची आवृत्ती म्हणून बऱ्याचदा कर्नलचीच आवृत्ती दिसते, त्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नका, नावावरून काढा. घरच्या ड्रायव्हरने भागत असेल तर बाहेरचा आणूच नये, असं माझं मत आहे.

विंडोज सर्व्हरवाल्यांसाठी

तत्त्व तेच, जागा वेगळी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या ॲडव्हान्स्ड टॅबवर टीएसओचा भाऊ लार्ज सेंड ऑफलोड या नावाने बसलेला असतो, आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ साठी वेगवेगळा. पॉवर मॅनेजमेंट टॅबवरची 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या' ही खूण सर्व्हरवर काढूनच टाका. इथे रीबूटने सेटिंग जात नाही. ती जाते नवा ड्रायव्हर चढला की. म्हणून विंडोजवर तक्रारीच्या तारखा अपडेटच्या तारखांशी ताडा. पॉवरशेलमधलं गेट-नेटॲडॉप्टरॲडव्हान्स्डप्रॉपर्टी चालवून आजची सेटिंग एका फाइलमध्ये काढून ठेवा, पुढच्या वेळी फरक शोधायला तीच लागेल.

दुरून करताना

घोडबंदरला घरी बसून व्हीपीएनवरून वागळेतल्या सर्व्हरचा पोर्ट बदलत असाल तर आधी परतीची सोय करा. 'ॲट' ने पाच मिनिटांनंतर जुनी सेटिंग परत लावणारी किंवा सरळ रीबूट करणारी कमांड रांगेत टाका, सगळं नीट झालं तर ती रद्द करा. आपणच आपल्याला बाहेर काढलं तर माजिवड्याच्या ट्रॅफिकमधून सर्व्हरपर्यंत पोचायला किती वेळ लागतो हे ठाणेकरांना सांगायला नको. आयपीएमआयच्या (सर्व्हर दुरून सांभाळायच्या वेगळ्या सोयीच्या) भरवशावर असाल तर ते स्वतःच्या वेगळ्या पोर्टवर आहे का ते बघा. बऱ्याच सर्व्हरवर ते पहिल्या लॅन पोर्टवरच वाटणीने चालतं, आणि मग पोर्ट पडला की तेही पडतं.

हे सगळं करून हँग थांबलाच नाही तर मदरबोर्डवरच्या पोर्टाचा नाद सोडून पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये वेगळ्या ड्रायव्हरचं, सर्व्हरसाठीचं गिगाबिट कार्ड घाला आणि जुना पोर्ट बायॉसमधून बंद करा. फक्त कार्ड घालण्याआधी आयपीची फाइल उघडून ठेवा: नव्या कार्डाला ईएनपी३एस० सारखं स्लॉटवरून पडलेलं नाव मिळेल, आणि स्लॉटमध्ये काहीतरी वाढलं की आधीच्या बाहेरच्या कार्डांची नावंही सरकू शकतात. सांबा (शेअर्ड फोल्डर देणारी सेवा) आणि फायरवॉलच्या फाइलमध्ये पोर्टचं जुनं नाव कुठे लिहिलेलं असेल तर तेही त्याच वेळी बदला.